वरळीच्या दगडांतील बेडूक

विरारहून मुंबईकडे निघालेली गाडी नायगांव मागें टाकून वसईच्या खाडीवर आली म्हणजे डाव्या हातास तुंगारेश्वर आणि कामण या बाजूचे डोंगर दृष्टीस पडतात. उजवीकडे, खाडी समुद्रास मिळते त्या अंगास, वसईचा किल्ला राहतो. डोंगराचा खडक काळा व जड. किल्ल्याच्या तटांतहि तोच काळा दगड जागोजाग बसविलेला आहे. वसईच्या जुन्या घरांचीं जोतीं, विहिरींचे कठडे आणि स्वयंपाकघरांतील पाटे-वरवंटे यांचाहि दगड हाच. पोर्तुगीजांनीं तर तो गलबतांत भरून गोव्यास नेला आणि जुन्या गोव्यांतील बॉम जेझसच्या प्रसिद्ध चर्चच्या बांधकामांत वापरला. इतक्या ओळखीच्या वस्तूकडे सहसा कोणी चौकसपणें पाहत नाहीं. काळा दगड म्हणजे काळा दगड. त्यांत पाहावयाचें तें काय?

हा दगड म्हणजे निवून घट्ट झालेला शिलारस होय, एवढें शाळेंतल्या पुस्तकानें बहुतेकांस सांगितलेलें असतें. त्यावरून साहजिकच अशी समजूत होते कीं, जो खडक आगींतून जन्मला त्यांत सजीवाची खूण सांपडावयाची नाहीं. प्राण्यांचे व वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष पाहावयाचे तर चिखलाचे, वाळूचे किंवा चुन्याचे खडक शोधावे, महाराष्ट्राच्या काळ्या पठारावर तो खटाटोप व्यर्थ, असें मानलें जातें. खुद्द शिलारसापुरती ही समजूत बहुतांशीं खरी आहे. परंतु हीच गाडी पुढें दादरास पोंचल्यावर तेथून पश्चिमेस वळून वरळीच्या टेकडीकडे गेलें, तर ही समजूत जेथें खोटी ठरली तें ठिकाण लागतें. या टेकडीच्या काळ्या दगडाखालीं करड्या, पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाचा एक थर आहे. त्या थरांत बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचे सांगाडे, डोक्यापासून मागच्या पायांपर्यंत जुळलेले, दगडावर चित्र काढावें तसे उमटलेले सांपडले. आणि त्यांच्याच जोडीला गोड्या पाण्यांतील एक कांसव सांपडलें.

बेडूक हा प्राणी कांहीं भव्य नव्हे. प्राचीन सृष्टीचें नांव निघालें कीं लोकांच्या मनापुढें प्रचंड सरपट प्राणी उभे राहतात, आणि नर्मदेच्या खोऱ्यांत व गुजराथेंत त्यांचीं हाडें व अंडीं विपुल मिळालेलीं आहेत हें खरेंच आहे. पण मुंबईच्या या चिमुकल्या बेडकानें जे प्रश्न उकलावयास साहाय्य केलें ते त्या धिप्पाड जनावरांच्या प्रश्नांपेक्षां तिळभरहि लहान नाहींत. शिलारसाचे लोट एकसारखे वाहत होते कीं मधून मधून थांबत होते? ते थांबत तेव्हां या भूमीवर काय होतें? आणि ही भूमि स्वतः तेव्हां कोठें होती? या तिन्ही प्रश्नांवर बेडूक आणि कांसव यांची साक्ष घेतली गेलेली आहे.

प्रथम त्या काळ्या दगडाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. दख्खनच्या पठारावर सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या खडकानें आजहि झांकलेला आहे, आणि सह्याद्रींत त्याची जाडी दोन हजार मीटरांच्या घरांत जाते. युरोपीय शास्त्रज्ञांनीं त्याला ट्रॅप असें नांव दिलें. हा शब्द जिन्याची पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. कोणत्याहि घाटांतून वर पाहिलें असतां डोंगराची कड पायऱ्यांसारखी दिसते, ती ज्यानें पाहिली असेल त्याला या नांवाचें औचित्य निराळें समजावून देण्याचें कारण नाहीं. प्रत्येक पायरी म्हणजे शिलारसाचा एक लोट किंवा कांहीं लोटांचा समूह. फुजियामासारख्या एखाद्या शंकूच्या मुखांतून हा रस उसळला असें नव्हे. जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पाण्यासारखा पसरत गेला. मुख्य उद्रेक सुमारें साडेसहा ते पावणेसात कोटि वर्षांपूर्वीं झाला.

दोन पायऱ्यांच्या मध्यें काय आहे, हें येथें महत्त्वाचें. कसारा किंवा बोरघाट चढतांना काळ्या थरांमध्यें तांबड्या मातीचा एखादा पट्टा दिसतो. खालचा लोट निवाला, त्यावर ऊन-पाऊस पडून त्याची माती झाली, आणि मग दुसऱ्या लोटानें येऊन ती भाजून काढली, अशी त्या पट्ट्याची कथा बहुतेक ठिकाणीं सांगतां येते. माती होण्यास वेळ लागतो. तेव्हां दोन लोटांत विश्रांतीचा काळ गेला असला पाहिजे. कांहीं ठिकाणीं याहून अधिक घडलें. शिलारसानें ओढे-नाले अडविले, सखल जागीं पाणी सांचलें, आणि तळीं झालीं. तळ्यांत गाळ बसला, गाळांत शेवाळ व शिंपले राहिले, कांठीं झाडें वाढलीं. कांहीं सहस्र वर्षांनीं पुन्हां जमीन फाटली आणि नवा रस त्या सगळ्यावरून गेला. गाळाचा जो पातळ थर असा दोन लोटांमध्यें दाबला गेला, त्याला भूशास्त्रांत ट्रॅपमधील अंतरथर म्हणतात. दोन पाषाणांच्या पुठ्ठ्यांत मिटलेलें तें एक लहानसें पुस्तक आहे. अडचण एवढीच कीं त्याचीं पानें फार थोड्या ठिकाणीं उघडीं पडतात.

असे थर महाराष्ट्रांत प्रथम विदर्भाच्या बाजूस प्रसिद्धीस आले. नागपुरास हिस्लॉप आणि हंटर हे दोन मिशनरी होते. त्यांनीं टाकळी वगैरे ठिकाणचे शंख, फळें, बिया व कीटकांचे अवशेष जमविले आणि १८५० नंतरच्या दशकांत त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. हिस्लॉप यांचें नांव नागपूरच्या महाविद्यालयामुळें आज घरोघरीं ठाऊक आहे, पण तें एका भूशास्त्रज्ञाचेंहि नांव आहे हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें. १८६३ मध्यें टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून परततांना ओढ्याच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला.

मुंबईची गोष्ट मात्र त्याच्याहि आधीं सुरू होते. मुंबई बेटाच्या पश्चिम कांठानें मलबार टेकडीपासून वरळीपर्यंत एक डोंगरकणा गेलेला आहे. त्याचा माथा कठीण काळ्या दगडाचा, आणि खालीं मऊ, करड्या-पिवळट-काळसर खडकाचे थर, एकंदर जाडीनें शंभर फुटांहून अधिक. हे सर्व थर समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे, कललेले आहेत. १८४० नंतरच्या काळांत मुंबईंत रस्ते, बांध आणि लोहमार्ग यांच्या निमित्तानें जमीन मोजणाऱ्या व खणणाऱ्या मंडळींचा सुळसुळाट झाला होता. मुंबई-ठाण्याच्या लोहमार्गाच्या पहिल्या आंखणीशीं ज्यांचें नांव जोडलें जातें ते इंजिनियर जॉर्ज क्लार्क यांनीं या प्रदेशाच्या भूरचनेवर एक टिपण लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे धाडलें. आणि त्याला जोड म्हणून रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ मध्यें मुंबईच्या अश्मीभूत बेडकांचें वर्णन केलें. हे ओवेन म्हणजे ज्यांनीं १८४२ मध्यें ‘डायनोसॉर’ हा शब्द बनविला तेच. जगांतील सर्वांत मोठ्या सरपट प्राण्यांचें बारसें केल्यावर पांच वर्षांनीं त्यांनीं मुंबईच्या या बेडकाचें नांव ठेविलें राना पुसिला. राना म्हणजे बेडूक. पुसिला म्हणजे अगदीं इवलासा.

१८५२ मध्यें मुंबईंतील डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनीं मुंबई बेटाच्या भूरचनेवर विस्तृत लेख प्रसिद्ध केला आणि त्यांत या थरांतील कांसवाचें वर्णन दिलें. कांसवाला त्यांनीं आपले व्यवसायबंधु डॉ. लीथ यांचें नांव दिलें. हे कार्टर म्हणजे शरीरशास्त्राच्या ग्रे यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथांतील आकृति काढणारे कार्टर नव्हेत. तेहि डॉक्टर, तेहि मुंबईंतच होते, आणि त्यांचेंहि पहिलें नांव हेन्री, त्यामुळें दोघांची गल्लत चांगल्या चांगल्या लेखकांनीं केलेली आहे. बेडूक व कांसव यांखेरीज या थरांत वनस्पतींचे कोळशासारखे तुकडे आणि सायप्रिस नांवाच्या तिळाएवढ्या द्विदल कवचाच्या जलजंतूंच्या राशी आढळल्या.

बेडकाचा पूर्ण सांगाडा सांपडणें ही किती दुर्मिळ गोष्ट आहे याची कल्पना सहसा नसते. बेडकाचीं हाडें काडीसारखीं बारीक. मेलेला बेडूक पाण्यांत कांहीं दिवस राहिला तर सांधे सुटतात, कवटी एकीकडे व पाय दुसरीकडे जातात. मासे, कीटक व प्रवाह उरलेलें काम करतात. सांगाडा जुळलेला राहावयाचा तर पाणी संथ पाहिजे, तळाचा गाळ मैद्यासारखा बारीक पाहिजे, आणि प्रेत लवकर झांकलें गेलें पाहिजे. मुंबईच्या थरांत हे योग जुळून आले, कारण त्या गाळांत साध्या मातीबरोबर ज्वालामुखीची राखहि पुष्कळ आहे. राखेचा पाऊस डबक्यावर पडला कीं ती तळाशीं बसते आणि जें कांहीं तेथें असेल तें झांकून टाकते. ज्या शक्तीनें त्या भूमीवरचें जीवन पुन्हां पुन्हां पुसून टाकलें तिनेंच त्याचा एवढा तुकडा जपून ठेविला.

बेडूक आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती वसईच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडूं नये. वसईच्या वाड्यांतून बावखलें आहेत, आणि खाडीकांठीं मिठागरें आहेत. मृगाचा पाऊस पडला कीं बावखलांतून बेडकांचा गजर सुरू होतो. मिठागरांतून तो कधीं ऐकूं येत नाहीं. बेडकाची कातडी पाणी आंत घेते व बाहेर सोडते. खाऱ्या पाण्यांत तिच्यांतून अंगचें पाणीच निघून जाऊं लागतें. मचूळ पाणी सोसणाऱ्या कांहीं जाति जगांत आहेत, पण त्या अपवादच. तेव्हां वरळीच्या थरांत बेडूक एवढ्या संख्येनें सांपडले, याचा अर्थ तेथें बावखलासारखें गोडें किंवा जवळ जवळ गोडें पाणी होतें. सायप्रिसचे ढीग आणि चिखलांतला कांसव हीच साक्ष देतात. आज जेथें समुद्राच्या लाटा भिंतीवर आदळतात, तेथें त्या काळीं शेवाळलेलें, उथळ, कोमट हवेचें तळें होतें. पुढें त्यावरून शिलारस आला तोहि पाण्यांतच शिरला असावा, कारण या बाजूच्या माथ्यावरील काळ्या दगडांत लोड एकावर एक रचून ठेवावे तसे गोलसर आकार दिसतात; आणि तप्त रस पाण्यांत उतरून एकदम निवाला म्हणजे असे लोड बनतात. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांतील प्राध्यापक सुखेश्वाला यांनीं १९५३ पासून या खडकांचा विशेष अभ्यास प्रसिद्ध केला.

आतां नांवांचा इतिहास. तो वरवर पाहतां रुक्ष वाटेल. परंतु सगळी मौज त्यांतच आहे. ओवेन यांनीं मुंबईच्या बेडकास आपल्या ओळखीच्या साध्या बेडकांच्या गणांत घातलें. १८६९ मध्यें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणांतील स्टॉलिच्का यांनीं त्यास तेथून काढून आशियांतील दुसऱ्या एका पाणबेडकाच्या गणांत नेलें. दोन्ही वेळीं गृहीत एकच होतें: बेडूक हिंदुस्थानांतला, तेव्हां त्याचे भाऊबंद हिंदुस्थानाच्या आसपासच असावयाचे. १९३० मध्यें न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांतील नोबल यांनीं हें गृहीत बाजूस ठेवून सांगाड्याकडे पाहिलें. बेडकांचीं कुळें त्यांच्या रंगावरून किंवा आकारावरून ठरत नाहींत. पाठीचे मणके एकमेकांत कसे बसतात, खांद्याचें व छातीचें हाड कसें आहे, अशा गोष्टींवरून ठरतात. नोबल यांना या बेडकाचें साम्य हिंदुस्थानांतील बेडकांशीं न दिसतां दक्षिण गोलार्धांतील, विशेषतः ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या बेडकांशीं दिसलें. त्यांनीं त्यासाठीं नवा गण केला, इंडोबॅट्राकस, म्हणजे सरळ भाषेंत हिंदी बेडूक. पुढें १९४० मध्यें चिपळूणकर यांनीं वरळीच्या टेकडींतील आणखी एक जाति मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत वर्णिली, आणि १९६५ मध्यें वर्मा यांनीं मलबार टेकडीवरून तिसरी. हे चिपळूणकर पुढें पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींत भूशास्त्राचें काम पाहत असत.

कांसवाची कथा अशीच, किंबहुना अधिक नाट्यमय. आज हिंदुस्थानांतील नद्या-तळ्यांत जीं कांसवें आढळतात तीं मान सरळ मागें ओढून कवचांत घेतात. जगांत दुसराहि एक प्रकार आहे: तो मान आडवी दुमडून कवचाच्या कडेखालीं ठेवतो. हीं आडव्या मानेचीं कांसवें आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर व ऑस्ट्रेलिया या प्रदेशांत राहतात. हिंदुस्थानांत त्यांतलें एकहि नाहीं. आणि मुंबईच्या थरांतलें कांसव नेमकें याच प्रकारचें निघालें. १८७१ मध्यें ग्रे यांनीं त्यास दक्षिण अमेरिकेंतील हायड्रॅस्पिस या गणांत घातलें. १९५३ मध्यें विल्यम्स यांनीं दाखविलें कीं त्याचें कूळ त्यापेक्षां आफ्रिका व मादागास्करच्या कांसवांकडे झुकतें. त्याचें आजचें नांव कार्टरेमिस लीथी यांत दोन्ही डॉक्टर एकत्र आलेले आहेत. २००३ मध्यें मुंबईच्याच अंतरथरांतून आडव्या मानेच्या कांसवाचा आणखी एक गण, संकुचेमिस, वर्णिला गेला. त्याच्या जातिनामांत सेठना या मुंबईकर भूशास्त्रज्ञाचें नांव आहे.

बेडूक ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवितो, कांसव मादागास्करकडे. ओवेन-कार्टर यांच्या काळीं याचा अर्थ लागण्यासारखा नव्हता. नोबल यांनीं लिहिलें त्या १९३० सालींहि भूखंडें सरकतात हें म्हणणें बहुतेक भूशास्त्रज्ञांना हास्यास्पद वाटे. वेगेनर यांनीं तें १९१२ मध्यें मांडलें होतें, आणि १९३० च्या अखेरीस ग्रीनलंडच्या बर्फांत ते मरण पावले तेव्हांहि त्यास मान्यता मिळालेली नव्हती. प्राण्यांचें असें दूरदूरचें नातें दिसलें म्हणजे शास्त्रज्ञ समुद्रांत बुडालेल्या भूसेतूंची कल्पना करीत. १९६० नंतर समुद्रतळाचें संशोधन झालें आणि भूखंडांच्या हालचालीविषयीं शंका उरली नाहीं. मुंबईचा बेडूक डबक्यांत ओरडत होता तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. आशियाशीं तिचा सांधा अजून जुळलेला नव्हता, आणि हिमालय उभा राहिलेला नव्हता. वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहून अधिक वेगानें ती उत्तरेकडे सरकत होती. भूखंडांच्या चालीच्या मानानें ही दौडच म्हणावयाची.

मादागास्कर तिच्यापासून त्यापूर्वींच, सुमारें पावणेनऊ कोटि वर्षांमागें, सुटला होता. सेशेल्स बेटें मात्र मुंबईच्या पश्चिमेस चिकटूनच होतीं. मुंबईच्या परिसरांतील शेवटचा ज्वालामुखी आणि सेशेल्सचें विलग होणें या दोन घटना एकमेकींना लागून घडल्या. सेशेल्समधील सिलुएट बेटावरील कांहीं अग्निजन्य खडकांचें वय दख्खनच्या उत्तरकालाशीं जुळतें. आज हीं बेटें मुंबईपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर आहेत. त्यांवर एक स्वतंत्र बेडूककूळ राहतें, आणि त्यांतील एक जाति नखावर बसेल इतकी लहान आहे. २००३ मध्यें बिजू व बॉसुइट यांनीं केरळच्या सह्याद्रींतून जमिनीखालीं राहणारा जांभळा बेडूक वर्णिला. जिवंत बेडकांत त्याचे सर्वांत जवळचे आप्त सेशेल्सचे हेच बेडूक निघाले. येथें थोडी सावधगिरी हवी. वरळीचा बेडूक या जांभळ्या बेडकाचा पूर्वज होता असें कोणी ठरविलेलें नाहीं, आणि त्याचें नेमकें कूळ कोणतें याविषयीं नोबल यांच्या निर्णयानंतरहि मतें मांडलीं गेलीं आहेत. पण दोघे एकाच गोष्टीचे निरनिराळे साक्षीदार आहेत: एक दगडांत, एक चिखलांत.

या थराचें वयहि हळूहळूच निश्चित झालें. पूर्वीं तो इओसीन काळांतला, म्हणजे बराच अलीकडचा, मानीत. १९८५ मध्यें श्पिनार व होद्रोव्हा या झेक संशोधकांनीं या बेडकाचा पुन्हां अभ्यास केला तेव्हांहि त्यांनीं त्यास इओसीनच म्हटलें. शिलारसांत पोटॅशियमचा एक किरणोत्सर्गी प्रकार अत्यल्प प्रमाणांत असतो; त्याचें मंदगतीनें आर्गॉन वायूंत रूपांतर होतें, आणि खडकांत कोंडलेला आर्गॉन मोजला कीं खडक निवून किती काळ लोटला तें काढतां येतें. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस जो उत्तन-मनोरीचा किनारा आहे, तेथील फिकट रंगाच्या खडकाचें आणि अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचें वय याच रीतीनें काढून २००१ मध्यें प्रसिद्ध झालें. दोन्ही सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वींचे ठरले. पुढील मोजण्यांनीं या भागाचें वय सव्वासहा कोटींपर्यंत नेलें आहे. म्हणजे घाटमाथ्याचा काळा दगड तयार झाल्यावर कितीएक लक्ष वर्षांनीं मुंबई-वसईच्या किनाऱ्यावरचा हा अखेरचा उद्रेक झाला. नागपूरच्या अंतरथरांतील ओळखीचे शंख मुंबईंत मिळत नाहींत, याचा उलगडाहि त्यांत आहे.

मधल्या काळांत एक मोठी घटना होऊन गेली होती. सहा कोटि साठ लक्ष वर्षांपूर्वीं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनि कोसळला आणि डायनोसॉरांचा वंश, पक्ष्यांचा अपवाद सोडून, संपला. दख्खनचा वणवा त्याच सुमारास पेटलेला होता. त्या दुहेरी संकटांतून जे पार पडले त्यांत हीं इवलीं जनावरें होतीं. अवाढव्य देहास रोज मणभर अन्न लागतें. बेडूक चिखलांत शिरून महिनोन्‌महिने उपाशी पडून राहूं शकतो, हें तर आपल्याकडचा प्रत्येक शेतकरी जाणतो.

मुंबईचे थर समुद्राकडे कां कललेले आहेत, हा प्रश्न मागें राहिला. घाटमाथ्यावर ट्रॅपचे थर जवळ जवळ आडवे असतात. पनवेल-कल्याणच्या रेषेपासून ते पश्चिमेकडे वांकूं लागतात. सेशेल्सचा तुकडा निघून जातांना या कांठाची कड खचली व वांकली, तिची ही खूण. वसईच्या पूर्वेस तानसा नदीच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. त्यांत स्नान करणारा यात्रेकरू जें पाणी अंगावर घेतो तें जमिनींत खोल उतरून, तापून, या भग्न पट्ट्यांतील भेगांनीं वर आलेलें असतें. तेथें आज कोणताहि जिवंत ज्वालामुखी नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें.

ज्या टेकडीनें हें सगळें उघड केलें ती टेकडी आतां इमारतींखालीं गेलेली आहे. वरळी व मलबार टेकडी येथें आज उघडा मऊ थर शोधूं जाणाऱ्यास रस्ता, भिंत आणि वाहनतळ यांखेरीज फारसें कांहीं दिसावयाचें नाहीं. बेडूक आहेत ते संग्रहालयांच्या खणांत. गिल्बर्ट टेकडी, तिचे दोनशे फूट उंचीचे दगडी खांब लोकांच्या डोळ्यांत भरले म्हणून, इमारतींच्या गराड्यांत कशीबशी उभी आहे. मऊ थराच्या नशिबीं तेंहि नसतें. खाणवाल्यास काळा दगड हवा असतो; मधला करडा पापुद्रा लागला कीं तो मुरुमाबरोबर भरावास जातो. उपनगरांतल्या आंबोली-जोगेश्वरीच्या बाजूस खाणींमुळेंच असे थर उघडे पडले आणि तेथून बेडूक, कांसवें व वनस्पतींचे अवशेष संशोधकांच्या हातीं आले. पण खाणीनें थर उघडा करावा आणि खाणीनेंच तो न्यावा, या दोहोंमधला अवधि थोडा असतो.

१९९० नंतर विरार, नालासोपारा व वसई येथील वस्ती झपाट्यानें वाढली. २००९ मध्यें महानगरपालिका झाली, आणि पूर्वेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं दगड काढणें व जमीन सपाट करणें चाललेलें आहे. या काळ्या डोंगरांची जाति मुंबईच्याच ट्रॅपची. नव्यानें कापलेल्या कड्यांत दोन काळ्या लोटांच्या मध्यें फिकट, पाटीसारखा पापुद्रे सुटणारा पट्टा दिसला तर तो पाहण्यासारखा असतो. तांबडी भाजलेली माती असेल तर तींत सहसा कांहीं मिळत नाहीं; करडा किंवा काळसर, हातानें भुगा होणारा आणि थरांच्या दिशेनें चिरणारा खडक असेल तर मात्र थांबावें. कड्याखालीं उभें राहणें धोक्याचें असल्यानें खालीं पडलेले तुकडेच उचलावे. सुरीच्या पात्यानें पापुद्रा कडेनें अलगद सोडविला म्हणजे तो दोन भागांत उघडतो, आणि आंत कांहीं असलें तर एका भागावर हाड व दुसऱ्यावर त्याचा ठसा राहतो. दोन्ही भाग कागदांत निरनिराळे गुंडाळून, वर ठिकाण, तारीख आणि वरच्या-खालच्या खडकाची खूण लिहून ते भूशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयाकडे द्यावे. ठिकाण न लिहिलेला अवशेष कितीहि सुंदर असला तरी शास्त्रज्ञास त्याचा उपयोग थोडा, कारण तो कोणत्या दोन लोटांच्या मध्यें होता हें मग कोणासच सांगतां येत नाहीं.